वाळवंटांतील धाकटा भाऊ : संत शार्ल द फूको

ज्युबिलीच्या या आनंदाच्या प्रसंगीं आपल्या धर्मग्रामाचा हिशेब आपण सर्वांनीं मिळून मांडला आहे. देवळाचा पाया कोणत्या दिवशीं घातला गेला, घंटा केव्हां आली, किती बाळांना बाप्तिस्मा मिळाला, किती जोडप्यांचे विवाह वेदीसमोर लागले, आपल्या घरांतून किती मुलगे धर्मगुरु व किती मुली धर्मभगिनी झाल्या, हें सारें आपण अभिमानानें सांगतों. आणि देवाच्या उपकारांची अशी मोजदाद करणें योग्यच आहे. परंतु ही मोजदाद चालली असतां आमच्या मनांत एका पुण्यपुरुषाची मूर्ति पुन्हां पुन्हां उभी राहूं लागली. त्यांच्या आयुष्याचा ताळेबंद याच रीतीनें मांडूं गेल्यास जमेची बाजू जवळजवळ कोरीच राहील. ज्या लोकांमध्यें ते शेवटचीं अकरा वर्षें राहिले, त्यांतून ख्रिस्ती मंडळी उभी करणें त्यांना साधलें नाहीं. जो बंधुसंघ स्थापन व्हावा म्हणून ते झटले, त्यांत त्यांच्या हयातींत एकही बंधु टिकला नाहीं. त्यांच्या मागें राहिलें तें काय, तर एका परक्या भाषेच्या शब्दांनीं भरलेलें हस्तलिखितांचें बाड आणि वाळूंतील एक कबर.

असें असूनही १५ मे २०२२ रोजीं रोम येथें परमपूज्य पोप फ्रान्सिस यांनीं त्यांचें नांव संतांच्या मालिकेंत घातलें. त्याच दिवशीं, त्याच विधींत, आपल्या देशांतील देवसहायम यांनाही संतपद प्राप्त झालें, हें वाचकांस स्मरत असेलच. दक्षिणेकडील त्या गृहस्थ हुतात्म्याविषयीं आपल्याकडे बरेंच बोललें गेलें. परंतु त्यांच्याबरोबर संत ठरलेल्या त्या फ्रेंच विरक्ताची कथा आपल्या घरांत अजून फारशी सांगितली जात नाहीं. म्हणून शार्ल द फूको यांचें हें अल्पचरित्र आम्ही आपणांपुढें ठेवीत आहों.

शार्ल यांचा जन्म १५ सप्टेंबर १८५८ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग शहरीं एका सरदार घराण्यांत झाला. सहा वर्षें पुरीं होण्याच्या आंतच आई व बाप या दोघांचेंही छत्र हरपलें, आणि त्यांचें व धाकट्या बहिणीचें पालन आईच्या वडिलांनीं केलें. आजोबांची माया मोठी होती. पण नातवास आवर घालणें त्या मायेस जमलें नाहीं. शाळेंत असतांनाच शार्ल यांच्या मनांतील श्रद्धा विझली. पुढें ते लष्करी विद्यालयांत गेले, घोडदळांत अधिकारी झाले, आणि आजोबांच्या मागें हातीं आलेली संपत्ति त्यांनीं मेजवान्यांत व ख्यालीखुशालींत उधळण्यास आरंभ केला. शेवटीं घरच्या मंडळींस न्यायालयामार्फत त्यांच्या पैशावर देखरेख नेमावी लागली.

अल्जीरियांत नोकरीवर असतां या तरुणास आफ्रिकेची ओढ लागली. सैन्याची चाकरी सोडून त्यांनीं अरबी व हिब्रू भाषांचा अभ्यास केला. आणि ज्या मोरोक्को देशांत ख्रिस्ती माणसानें फिरणें त्या काळीं जिवावरचें होतें, तेथें ते १८८३ सालीं यहुदी राब्बीच्या वेषांत शिरले. मार्दोशे नांवाचा एक खरा राब्बी वाटाड्या म्हणून बरोबर होता. तळहातांत लपेल एवढ्या वहींत चोरून नोंदी करीत त्यांनीं जवळजवळ अकरा महिने तो देश पालथा घातला. या कामगिरीबद्दल पॅरिसच्या भूगोलसंस्थेनें १८८५ सालीं त्यांना सुवर्णपदक दिलें. परंतु पदकाहून मोलाची गोष्ट त्यांनीं त्या प्रवासांतून आणली होती. दिवसांतून पांच वेळां हातचें काम बाजूस ठेवून देवापुढें नमणारीं माणसें त्यांनीं तेथें पाहिलीं, आणि ज्यांच्या मनांतून देव नाहींसा झाला होता त्यांना आपलें कांहीं तरी हरवलें आहे असें वाटूं लागलें. मुसलमानांच्या प्रार्थनेनें एका ख्रिस्ती माणसाच्या परतीची वाट उघडावी, ही ईश्वराची लीला विलक्षणच म्हणावयाची. १८८६ च्या ऑक्टोबरांत पॅरिस येथील संत ऑगस्टीनच्या देवळांत फादर ह्युव्हलँ यांच्याकडे ते धर्माविषयीं विचारपूस करण्यास गेले. त्या जाणत्या धर्मगुरूंनीं वादविवादांत न पडतां त्यांना गुडघे टेकून पापनिवेदन करावयास लावलें व लगेच ख्रिस्तशरीराचा लाभ करून दिला. त्या दिवसापासून शार्ल यांचें आयुष्य पालटलें.

१८९० सालीं ते ट्रॅपिस्ट मठांत दाखल झाले. सात वर्षांनीं तेथील गरिबीही त्यांना पुरेशी वाटेना. तेव्हां तो मठ सोडून ते नाझरेथ येथें संत क्लाराच्या भगिनींच्या मठांत गडी म्हणून राहिले. भगिनींचीं पडेल तीं कामें करावीं व अंगणांतील एका खोपटांत निजावें, असा त्यांचा क्रम होता. येथेंच त्यांना आपल्या आयुष्याचें सूत्र सांपडलें. प्रभु येशूनें लोकांस उपदेश केला तो सुमारें तीन वर्षें. परंतु त्यापूर्वीं सुमारें तीस वर्षें तो एका खेड्यांत, सुताराच्या घरीं, शेजाऱ्यांसारखाच एक शेजारी होऊन, त्यांचीच बोली बोलत राहिला. त्या अबोल तीस वर्षांचें अनुकरण करावें, असा शार्ल यांचा निश्चय झाला. ९ जून १९०१ रोजीं त्यांना गुरुदीक्षा मिळाली, आणि जेथें धर्मगुरु सर्वांत दुर्मिळ तेथें जावें म्हणून त्यांनीं सहाराचें वाळवंट निवडलें.

प्रथम ते मोरोक्कोच्या सीमेजवळील बेनी आबेस या मरूद्यानांत राहिले. त्यांच्या दारीं गरीब, आजारी, वाटसरू, शिपाई आणि गुलाम यांची दिवसभर रीघ असे. फ्रेंच अंमल असूनही तेथें गुलामगिरी राजरोस चाले व अधिकारी डोळेझांक करीत. शार्ल यांना हें सहन झालें नाहीं. वरिष्ठांस व मित्रांस त्यांनीं कळकळीनें पत्रें लिहिलीं, आणि मिळेल त्या पैशानें कांहीं गुलामांस विकत घेऊन मुक्त केलें. त्यांपैकीं पॉल एम्बारेक नांवाच्या मुलाची गांठ वाचकांस या चरित्राच्या शेवटीं पुन्हां पडेल.

बेनी आबेसहून फार दूर, दक्षिणेस, होग्गार नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथें तुआरेग लोक उंट व शेळ्या घेऊन भटकत असत. १९०२ सालीं तीत येथील लढाईंत फ्रेंच सैन्यानें त्यांचा मोड केला होता व त्यांचे प्रमुख मूसा आग अमास्तान हे तहास तयार झाले होते. शार्ल यांचे जुने लष्करी मित्र लापेरीन यांनीं त्यांना १९०४ सालीं त्या भागांतील प्रवासास बरोबर नेलें. या प्रवासांतच शार्ल यांनीं तुआरेगांची तामाहक भाषा शिकण्यास आरंभ केला व शुभवर्तमानाच्या भाषांतरास हात घातला. वयाचीं पंचेचाळीस वर्षें उलटल्यावर ते पुन्हां विद्यार्थी झाले.

मूसा यांच्या संमतीनें १३ ऑगस्ट १९०५ रोजीं ते तामानरासेत येथें वस्तीस आले. आज तेथें मोठें शहर आहे; त्या वेळीं इकडे तिकडे विखुरलेल्या वीसेक झोपड्यांचें तें खेडें होतें. इन-सालाहचें लष्करी ठाणें सुमारें चारशें मैलांवर. तारघर नाहीं, वैद्य नाहीं, युरोपियन शेजारी नाहीं. आणि हेंच पाहून त्यांनीं ती जागा पसंत केली. दगडमातीचें, सुमारें वीस फूट लांब व सहा फूट रुंद असें एक घर त्यांनीं उभारलें. तेंच त्यांचें देऊळ व तेंच त्यांचें बिऱ्हाड. अंगांत पांढरा झगा व त्यावर छातीशीं शिवलेलें लाल हृदय आणि क्रूस. जेवणांत खजूर व जाडेंभरडें धान्य. पहाटे उठून प्रार्थना करावी, मग लिहावयास बसावें, आणि दारीं कोणी आला कीं लेखणी खालीं ठेवून उठावें. कोणास औषध हवें असे, कोणास धान्य, स्त्रियांस शिवणाच्या सुया. कामांत असा व्यत्यय आला म्हणून त्यांनीं कधीं दार लावून घेतलें नाहीं; कारण येणारा प्रत्येक जण मदतीबरोबर एखादा नवा शब्दही देऊन जाई.

ती भाषा शिकणें सोपें नव्हतें.  तिफिनाग नांवाची प्राचीन लिपि तुआरेगांपाशीं आहे खरी; परंतु तींत व्यंजनें लिहितात, स्वर बहुधा लिहीतच नाहींत. पाण्याला ते लोक आमान म्हणतात आणि प्राणाला ईमान. लिपींत दोहोंचीं अक्षरें तींच. तेव्हां पाणी कोणतें आणि प्राण कोणता, हें कागद सांगत नाहीं. तें बोलणाऱ्याच्या तोंडूनच ऐकावें लागतें. शिकणाऱ्यानें घरीं बसून ही भाषा शिकूं म्हटल्यास तें शक्यच नव्हतें. त्याला लोकांच्या तंबूंत जाऊन बसणें, चुकणें, हंसूं करून घेणें आणि पुन्हां विचारणें भाग होतें.

तुआरेग लोकांत पुरुष वस्त्रानें तोंड झांकून घेतात व स्त्रिया उघड्या तोंडानें वावरतात. कविता पाठ ठेवणें, एका तारेचें इमझाद नांवाचें वाद्य वाजविणें व मुलांस अक्षरें शिकविणें, हें स्त्रियांकडे असे. म्हणून भाषेचा खरा ठेवा त्यांच्यापाशींच आहे, हें शार्ल यांनीं लवकरच ओळखलें. १९०७ सालच्या एका प्रवासांत ते मुक्कामामुक्कामाला तंबूखालीं बसत, भोंवतीं स्त्रिया जमत, आणि एकेक जण आपणांस येत असलेलें गीत सांगे. सांगणाऱ्यास ते मोबदला देत. मूसा यांच्या कुळांतील दासीन नांवाच्या प्रसिद्ध कवयित्रीचेंही त्यांना साहाय्य झालें. अशा रीतीनें त्यांनीं सुमारें सहा हजार ओळी लिहून घेतल्या. त्या कविता भक्तीच्या नव्हत्या. लढाया, उंट, शौर्य, थट्टामस्करी, प्रेम आणि विरह हेच त्यांचे विषय. परंतु या विरक्तानें त्यांतली एकही ओळ क्षुद्र मानली नाहीं. प्रत्येक ओळीचा अर्थ, तीतलीं माणसें व स्थळें यांची टीप त्यांनीं काळजीपूर्वक लिहून ठेविली.

येथें आपल्याकडील एका थोर पाद्रींची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. इंग्लंडहून १५७९ सालीं गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनीं येथील लोकांची वाणी आत्मसात केली आणि १६१६ सालीं क्रिस्तपुराण छापून प्रभूची कथा मराठी ओव्यांत आपल्या पूर्वजांच्या हातीं दिली. दोघांची तपश्चर्या एकाच जातीची. परंतु स्टीफन्स यांच्या ओव्या ऐकण्यास ख्रिस्ती श्रोते समोर बसले होते. शार्ल यांच्यासमोर तसा एकही श्रोता नव्हता. ज्या भाषेंत आपणांस प्रवचन करावयास मिळेल कीं नाहीं याची शाश्वति नव्हती, ती भाषा ते शिकत होते.

१९०६ सालीं मोतिलिन्स्की नांवाचे एक भाषापंडित कांहीं महिने तामानरासेत येथें त्यांच्यापाशीं येऊन राहिले व दोघांनीं मिळून काम केलें. पुढच्याच वर्षीं मोतिलिन्स्की वारले. तेव्हां शार्ल यांनीं तें अपुरें काम पुरें केलें, आणि व्याकरण, संवाद व कोश यांचें तें पुस्तक १९०८ सालीं त्या दिवंगत मित्राच्या नांवानें छापविलें. आपलें नांव त्यावर येऊं नये असा त्यांचा आग्रह होता. ज्या तरुणानें एके काळीं सुवर्णपदक मिळविलें, तोच हा पुरुष, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

आतां आम्ही त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत कठीण प्रसंगाकडे येतों. त्या काळच्या नियमाप्रमाणें धर्मगुरूस एकट्यानें मिस्सा अर्पण करतां येत नसे. प्रतिसाद देण्यास निदान एक ख्रिस्ती माणूस लागे. होग्गारमध्यें तो कोठून मिळणार? बेनी आबेसला राहिल्यास रोजची मिस्सा होणार होती. होग्गारला गेल्यास ती बंद पडणार होती. ज्यांचा सारा जीव पवित्र साक्रामेंतांत गुंतलेला, त्यांना हा पेंच किती जड गेला असेल, हें आपण कॅथोलिक लोक सहज जाणूं. पुष्कळ विचार करून त्यांनीं होग्गारच पत्करलें. कारण तेथें जाणारा दुसरा कोणी नव्हता. १९०७ चा नाताळ त्यांनीं मिस्सेवांचून काढला. परिवर्तनानंतरच्या एकवीस वर्षांत असा नाताळ त्यांच्यावर कधीं आला नव्हता.

त्याच सुमारास मुलुखांत भयंकर दुष्काळ पडला. सतरा महिने पाऊस नव्हता. शेळ्या आटल्या, आणि दुधावर जगणाऱ्या लोकांचे हाल झाले. शार्ल यांनीं आपल्याजवळचें धान्य भोंवतालच्या मुलांस वांटून टाकलें आणि स्वतः अर्धपोटीं राहून दहा-अकरा तास लिहिण्याचें काम चालूंच ठेविलें. १९०८ च्या जानेवारींत शरीरानें दगा दिला. जरा हालतां श्वास कोंडूं लागला. अंत जवळ आला असें त्यांना वाटलें. औषधें वांटणारा हा मनुष्य आतां स्वतःच असहाय होऊन पडला, आणि जवळ देण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. तेव्हां त्या भुकेल्या लोकांनीं चार किलोमीटरांच्या टापूंत जेवढ्या म्हणून शेळ्यांना थेंबभर दूध होतें, तेवढें सर्व गोळा करून त्यांना पाजलें आणि त्यांचा जीव वांचविला. त्याच महिन्याच्या अखेरीस, एकट्यानें मिस्सा अर्पण करण्यास रोमहून परवानगी मिळाल्याचें वर्तमानही त्यांच्या हातीं पडलें.

आमच्या मतें शार्ल यांच्या होग्गारमधील जीवनाचा खरा आरंभ या आजारपणापासून झाला. तोंपर्यंत ते दाते होते. त्या दिवसापासून ते ऋणी झाले. दात्याला कितीही नम्रता असली तरी तो उंबरठ्याच्या वरच्या बाजूस उभा असतो. ज्याच्या तोंडांत दुष्काळांतल्या शेजारणीनें दूध घातलें, तो मात्र त्या घरचाच होतो. यानंतर त्यांनीं धर्मांतराची घाई मनांतून पार काढून टाकली. या लोकांस प्रथम आपण आवडावें, मग आपल्यावरून त्यांना आपला प्रभु कसा असेल हें कळावें, एवढीच त्यांची अपेक्षा राहिली. लोक त्यांना मराबू, म्हणजे देवमाणूस, म्हणूं लागले. १९१३ सालीं ते उक्सेम नांवाच्या तुआरेग तरुणास फ्रान्समध्यें आपल्या आप्तांच्या घरीं घेऊन गेले. त्या तरुणाचा तेथें पाहुणा म्हणून सत्कार झाला, आणि तो लोकरीचें विणकाम शिकून परत आला. तुआरेग आपल्या घरीं पाहुणचार करतात, तर आपल्या घरींही त्यांचा पाहुणचार व्हावा, असा त्यांचा साधा हिशेब होता.

शब्दकोशाचें काम मात्र अखंड चालूं होतें. मूसा यांचे लेखनिक बा-हम्मू हे रोज त्यांच्याबरोबर बसत. १९११ सालीं दोघेही आस्सेक्रेम नांवाच्या सुमारें नऊ हजार फूट उंचीच्या पठारावर जाऊन राहिले. तेथेंही वाऱ्याच्या झोतांत हेंच काम. त्या कोशांत नुसते प्रतिशब्द नाहींत. उंटाचें खोगीर, तंबूचे भाग, झाडझाडोरा, नक्षत्रें, नात्यागोत्यांचीं नांवें, लग्नाच्या चाली, सर्व कांहीं वर्णन करून व जागोजागीं चित्रें काढून दिलें आहे. एका लहानशा लोकसमूहाचें संपूर्ण जीवन त्यांत सांठविलें आहे. १९१५ सालीं कोश पुरा झाला; आणि कवितांच्या संग्रहावर त्यांनीं शेवटचा हात फिरविला तो २८ नोव्हेंबर १९१६ रोजीं.

येथें एक गोष्ट लपवून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. शार्ल हे आपल्या काळाचे व आपल्या देशाचे पुत्र होते. फ्रान्सचें राज्य त्या लोकांस हितकर होईल असें त्यांना मनापासून वाटे. लष्करी अधिकारी त्यांचे मित्र होते, व त्या मुलुखाची माहिती ते त्यांना कळवीत. परकीय अंमल अनुभवलेल्या आपल्या लोकांस हें खटकल्यावांचून राहणार नाहीं, आणि तें खटकावें हेंच बरोबर. त्याच राज्यांतील गुलामगिरीवर व अन्यायावर त्यांनीं कठोर टीका केली, हेंही तितकेंच खरें. संत म्हणजे सर्वज्ञ नव्हे. त्यांची दृष्टि जेथें तोकडी पडली तेथें ती तोकडी म्हणावी. त्यानें त्यांच्या प्रेमाची किंमत कमी होत नाहीं.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें व त्याची झळ सहारापर्यंत पोहोंचली. पूर्वेकडून सनुसी पंथाच्या टोळ्या धाडी घालूं लागल्या. गांवकऱ्यांस आसरा मिळावा म्हणून तामानरासेत येथें एक लहान गढी बांधण्यांत आली, तींत कांहीं शस्त्रेंही ठेविलीं, व १९१६ च्या जूनमध्यें शार्ल तेथें राहण्यास गेले. १ डिसेंबर १९१६, महिन्याचा पहिला शुक्रवार. सायंकाळीं ओळखीच्या एका माणसानें दारावर थाप मारून टपाल आल्याचें सांगितलें. दार उघडून शार्ल यांनीं हात पुढें केला, तोंच धाडवाल्यांनीं त्यांना बाहेर ओढून हात मागें बांधले व गुडघ्यांवर बसविलें. पॉल एम्बारेक यालाही तेथें आणण्यांत आलें. पुढचें सर्व त्यानें पाहिलें. गढींत लूट चालूं असतां अकस्मात् दोन उंटस्वार शिपाई येतांना दिसले. एकच गडबड उडाली, आणि पहाऱ्यावर ठेवलेल्या कोवळ्या वयाच्या मुलानें घाबरून गोळी झाडली. शार्ल यांचें वय तेव्हां अठ्ठावन्न वर्षांचें होतें. तीन आठवड्यांनीं फ्रेंच अधिकारी तेथें आले, तेव्हां त्यांना वाळूंत पडलेलें पवित्र साक्रामेंताचें पात्र सांपडलें. आंत ख्रिस्तशरीर तसेंच होतें. मूसा आग अमास्तान यांनीं शार्ल यांच्या बहिणीस शोकाचें पत्र धाडलें.

हस्तलिखितें वांचलीं. कविता १९२५ व १९३० सालीं दोन खंडांत छापून निघाल्या. शब्दकोश त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरांत, दोन हजारांहून अधिक पानांच्या चार खंडांत, १९५१-५२ सालीं प्रसिद्ध झाला, आणि तुआरेग भाषेचा अभ्यास करणाऱ्यांस त्यावांचून पुढें जातां येत नाहीं. जो संघ त्यांच्या हयातींत निघाला नाहीं, तोही निघाला. १९३३ सालीं फादर रने व्हॉयोम व त्यांचे सोबती सहाराच्या कडेस एकत्र राहूं लागले, आणि १९३९ सालीं भगिनी माग्दलेन यांनीं येशूच्या धाकट्या भगिनींचा संघ स्थापिला. गरीब वस्तींत राहावें, शेजाऱ्यांसारखें काम करावें व त्यांची बोली बोलावी, हाच या बंधुभगिनींचा नेम आहे. २००५ सालीं शार्ल यांना धन्य घोषित करण्यांत आलें, आणि पुढें संतपद प्राप्त झालें तें वर सांगितलेंच आहे.

प्रिय धर्मबंधूंनो व भगिनींनो, आपल्या देवळाच्या आवारांत उभे राहून भोंवतीं पाहिल्यास काय दिसतें? ज्या वाड्यांत पूर्वीं एकच बोली ऐकूं येई, तेथें आज परप्रांतांतून पोटासाठीं आलेलीं कुटुंबें राहतात. आपले घर बांधणारा गवंडी, आपल्या गल्लींतला भाजीवाला, आपल्या आजारी वृद्धांची शुश्रूषा करणारी मुलगी, यांची मायबोली निराळी आहे. त्यांच्याशीं आपण मोडक्या भाषेंत भाव ठरवितों, आणि बोलणें तेथेंच संपतें. उलट, आपलींच मुलें दूरदेशीं नोकरीस जातात, तेव्हां तेथील कोणा अनोळखी माणसानें त्यांना दोन गोड शब्द शिकवावेत, आजारपणीं पेज करून द्यावी, अशी आपण रोज प्रार्थना करतों. जें आपल्या लेकरांसाठीं मागतों, तें दारच्या परक्यास आपण दिलें आहे काय? हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःस विचारला, आणि उत्तर देतांना आम्हांस लाज वाटली.

या ज्युबिलीच्या वर्षीं आपण जें जें मोजलें तें देवाच्या चरणीं वाहूं. त्याबरोबरच जें मोजतां येत नाहीं तेंही कांहीं वाहतां यावें: एखाद्या शेजाऱ्याचें नीट उच्चारलेलें नांव, त्याच्या भाषेंतील चार शब्द, आणि आपल्या पडत्या काळांत त्यानें पुढें केलेला पेला संकोच न करतां घेण्याची नम्रता. १ डिसेंबर हा संत शार्ल यांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशीं आपण त्यांची आठवण ठेवावी, व त्यांच्या मध्यस्थीनें आपला हा धर्मग्राम परक्यांचें घर व्हावा, हीच प्रभुचरणीं आमची प्रार्थना आहे.